शिडाच्या बोटीवरचा सौर पंखा मान टाकतोय. सेल बदलू की अख्खा पंखाच?

वेस्ट_रिव्हरची_डोंबिवलीकर

नमस्कार मंडळी,

मी मूळची डोंबिवलीची. लहानपणी पाण्याशी संबंध एवढाच की नळाला ते किती वाजता येतं. आता मेरीलँडमध्ये राहते आणि चेसापीक उपसागराच्या पश्चिम काठावर, गेल्सव्हिलजवळ वेस्ट रिव्हरमध्ये माझी २७ फुटी शिडाची बोट आहे. १९८४ची, कॅटलिना कंपनीची. बऱ्याच हातांतून फिरून माझ्याकडे आली. धक्क्याला नसते, पाण्यात बोयाला (तळाशी नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला) बांधलेली असते, त्यामुळे किनाऱ्यावरची वीज नाही. बोटीवर एकच बॅटरी, आणि तिला खाऊ मिळतो तो डिझेल इंजिन चालू असेल तेवढाच वेळ.

संडासाच्या कप्प्यावर डेकमध्ये एक गोल सौर पंखा बसवलेला आहे. नाश्त्याच्या बशीएवढा, पांढरं प्लास्टिक, मधोमध काळी काच. आतली हवा बाहेर फेकतो. आधीच्या कुणा मालकाने बसवलेला, कंपनीचं नाव उन्हाने कधीच पुसून टाकलंय. मागच्या हंगामात हा रात्रंदिवस फिरायचा. आता फक्त टळटळीत दुपारी फिरतो, ढग आला की थांबतो, आणि ऊन कललं की संपलाच. वरची काचही पिवळी पडलीय, तिच्यात केसासारख्या चिरा आहेत.

इथला जुलै ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. हवा अंगाला चिकटते. शुक्रवारी संध्याकाळी बोटीची फळी काढली की आतून जो कुबट भपकारा येतो, त्याने भूक मरते. गाद्यांच्या पोटाला काळे ठिपके, लाइफ जॅकेटच्या पट्ट्यांवरही तेच. नवरा म्हणतो तुझ्या केसांना बोटीचा वास येतो. तो स्वतः बोटीवर येत नाही, पुलावरून खाली पाहिलं तरी त्याला मळमळतं, तेव्हा त्याचं मत मी अर्धंच धरते.

नवा पंखा दीड-दोनशे डॉलरच्या आसपास मिळतो. जुना दुरुस्त होतो का? आणि नवा घेतलाच तर ३ इंची आणि ४ इंची असे दोन प्रकार दिसतात, जुन्या भोकात कुठला बसेल? मला मोठा हवाय, पण डेकला करवत लावायच्या विचाराने हात थरथरतात.

सोल्डरिंग_काका (ठाणे)

ताई, मी आयुष्यात शिडाच्या बोटीत पाय ठेवलेला नाही, पण हे लक्षण बोटीचं नाही, सेलचं आहे.

असल्या पंख्यात चारच वस्तू असतात. काळी काच म्हणजे सौरपट्ट्या, एक छोटी मोटर, एक रिचार्जेबल सेल आणि एक डायोड, म्हणजे करंटला एकाच दिशेने जाऊ देणारा तुकडा. ऊन असलं की पट्ट्या मोटरही फिरवतात आणि उरलेला करंट सेलमध्ये भरतात. अंधार पडला की सेल मोटर फिरवतो. तुमचा पंखा उन्हात फिरतो म्हणजे पट्ट्या आणि मोटर दोघांत जीव आहे. ढग आला की लगेच थांबतो म्हणजे मागे साठा शून्य. सेल आतून पूर्ण शॉर्ट झाला असता तर त्याने पट्ट्यांचा करंटही गिळला असता आणि पंखा उन्हातही हलला नसता, तेव्हा अजून ती वेळ आलेली नाही.

खालून झाकण फिरवून उघडा. सेल १.२ व्होल्टचा असेल. जुन्या पंख्यांत निकेल-कॅडमियम असायचे, हल्ली निकेल-मेटल हायड्राइड येतात. व्होल्टेज तेच, त्यामुळे जुन्याच्या जागी नवा चालतो. फक्त आकार आणि पत्र्याच्या पट्ट्या आधीसारख्या बघून घ्या. सेलला थेट सोल्डर मारू नका, उष्णतेने आतलं सील जातं. पट्ट्या जोडलेलाच विकत मिळतो. आणि घड्याळात घालतो तो साधा अल्कलाइन सेल तात्पुरता म्हणूनसुद्धा घालायचा नाही! सूर्य त्याला चार्ज करायला बघेल आणि तो फुटून वाहील.

मोटर तपासायला मात्र रिमोटमधला सेल घ्या आणि दोन तारांना क्षणभर लावा. गुरगुरली पण फिरली नाही तर बेअरिंग धरलंय. धन-ऋण उलटं लावलंत तर पाती उलटी फिरतील, तेव्हा तारांचे रंग मोबाइलवर टिपून ठेवा. पट्ट्यांसाठी सेल सोडवा, भर उन्हात मीटर लावा. सिलिकॉनची एकेक पट्टी अर्ध्या व्होल्टच्या थोडं वर देते. पट्ट्या मोजा, गुणा, ताडून बघा. व्होल्टेज बरंच कमी आलं तर मधला कुठलातरी जोड तुटलाय. शेवटी डायोड. तो नसेल किंवा शॉर्ट असेल तर रात्री सेलमधला करंट उलटा पट्ट्यांतून वाहून जातो. मीटरने एका दिशेला वाचन यायला हवं, दुसऱ्या दिशेला काहीच नाही. बदललात तर शॉट्की जातीचा घाला, त्यात ०.२-०.३ व्होल्ट खर्च होतात. साध्या सिलिकॉन डायोडमध्ये ०.६-०.७ जातात, आणि दोन व्होल्टच्या संसारात तो फार मोठा खड्डा आहे.

एवढं करून मग दोनशे डॉलरचं बघा.

बटाटेवडा_आणि_बोट

आमच्याकडे बाथरूमला एक्झॉस्ट लावायचा तर सोसायटीची सभा भरते. तुम्ही थेट समुद्राला भोक पाडताय!

वेस्ट_रिव्हरची_डोंबिवलीकर

@बटाटेवडा, भोक आकाशाकडे आहे हो. समुद्राकडे पाडलं तर पुढचा धागा मी तळातून लिहीन.

@काका, तुमच्या क्रमाने सगळं केलं. सेलच्या एका टोकाला पांढरी-हिरवी भुकटी जमलीय, पत्र्याची पट्टी हात लावताच तुटून पडली. भर उन्हात मोकळ्या पट्ट्या सव्वादोन व्होल्ट देतात, चार पट्ट्या आहेत म्हणजे त्या ठणठणीत. डायोडही बरोबर वाचतो. रिमोटच्या सेलवर मोटर फिरली, पण खर्रखर्र करत, आणि दांड्यावर गंज स्पष्ट दिसतो. खारी हवा खालून थेट तिच्यावरच येते, तिचा दोष नाही.

तरी सेल बदलून वर्षभर ढकललं असतं. पण झाकण परत बसवताना प्लास्टिकचे दोन कान तुटले. कुठलाही जोर न लावता, पापडासारखे. उन्हाने प्लास्टिक पार ठिसूळ झालंय. तेव्हा नवा घेणार हे नक्की.

आता खरी काळजीची गोष्ट. जुना पंखा उचलल्यावर भोकाची कड दिसली. वर फायबरग्लासचा थर, खाली फायबरग्लासचा थर आणि मध्ये उघडं लाकूड. एका बाजूला ते काळपट आहे. कडेला जुन्या सिलिकॉनचे लोंबते तुकडे. भोक पावणेचार इंच भरलं.

फायबरवाला (पणजी)

बाय, पंखा राहू दे बाजूला. ते काळं लाकूड आधी.

पावणेचार इंच म्हणजे तुझा जुना पंखा ३ इंची. या पंख्यांचं माप हवेच्या वाटेचं असतं, डेकमधलं भोक त्याहून पाऊण इंच मोठं लागतं. ४ इंचीला पावणेपाच. तरी विकत घेतेस त्याच्या कागदावरचं माप बघितल्याशिवाय भोकाला हात लावू नकोस.

डेक म्हणजे सँडविच. मधला थर बाल्साचा, म्हणजे अगदी हलक्या लाकडाचा, किंवा प्लायवूडचा. वजन न वाढवता डेक ताठ राहावा म्हणून तो असतो, त्यात वाईट काही नाही. आमच्या इथे दिवाडीला बांधलेली नौदलाची ‘म्हादेई’सुद्धा लाकूड-फायबरग्लासचीच आहे, तिच्यातून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे पृथ्वीला वळसा घालून आले. लाकूड खराब होतं ते कुणीतरी भोक पाडून कड तशीच उघडी सोडतो तेव्हा. वरून सिलिकॉन फासलं की झालं, असं समजणारे लोक सगळ्या देशांत आहेत. सिलिकॉन कधीतरी सुटतं, पाणी आत शिरतं आणि थरातून आडवं पसरत जातं. वरून काहीच दिसत नाही.

टोच्याने लाकूड टोच. टणक लागलं आणि टोक कोरडं आलं तर नुसता डाग आहे. टोक रुतलं, ओलं आलं, तर कुजलंय. मग स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन भोकाभोवती डेकवर ठोकत जा. चांगल्या जागी टणटण येतो, कुजक्या जागी बद्द. खडूने हद्द आखून घे. हातभर लांब गेली असेल तर काम मोठं आहे, वरचा थर कापावा लागेल. चार बोटं असेल तर आतल्या आत निभावेल.

आतल्या आत म्हणजे असं. वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये धरून किंवा ॲलन की घेऊन दोन थरांच्या मधलं लाकूड सगळीकडून बोटाच्या पेराएवढं आत कोरून काढ. वर-खालच्या फायबरला धक्का नको. जिथे कुजलंय तिथे चांगलं लाकूड लागेपर्यंत. मग सुकू दे. घाई इथेच नडते. वर पाऊस लागणार नाही असं झाकण कर, खालून हवा खेळू दे, बोटाला कोरडं लागलं तरी आणखी थांब. ओल्या लाकडावर एपॉक्सी (दोन भाग कालवून कडक होणारं रेझिन) धरत नाही. सुकलं की खालच्या कडेला टेप लाव, आधी पातळ एपॉक्सी ब्रशने लाकडाला पाज. ती चिकट असतानाच सिलिका पावडर घालून लोण्यासारखी घट्ट केलेली एपॉक्सी त्या खाचेत दाबून भर. थोडी थोडी कालव, जुलैच्या उन्हात मोठा वाडगा कालवलास तर हातात धूर निघेल. घट्ट झाली की कड घासून घे. आता भोकाला लाकूड दिसतच नाही, पाणी जाणार कुठे?

स्क्रूच्या भोकांचंही तेच. जुनी भोकं मोठ्या ड्रिलने वाढव, एपॉक्सीने भर, मग त्यात नवं बारीक भोक पाड.

४ इंची हवाच असेल तर होल-सॉ (गोल भोक पाडायची करवत) चालवायला मध्ये आधार लागतो, आणि तुझ्याकडे मध्ये पोकळी आहे. भोकाखालून प्लायचा तुकडा घट्ट पकडवून घे, मधोमध खूण कर, मधल्या ड्रिलला तो धरेल. पण खालच्या छताचं अस्तर, तारा, सगळं बघून. माझं मत विचारशील तर ३ इंचीच घे आणि करवत शेजाऱ्याला परत दे.

बसवताना सिलिकॉन नको. त्याचा तुपकट थर राहतो, त्याच्यावर पुढे काहीच चिकटत नाही. आधीचंही कणन् कण खरवडून काढावं लागेल. कायमचा चिकटवणारा पॉलियुरेथेन नको, पुढच्या वेळी पंख्याबरोबर डेकचा टवका निघेल. पॉलिसल्फाइड डेकवर उत्तम, पण बऱ्याच प्लास्टिकना ते खातं. राहिला ब्युटाइल टेप, मऊ चिकट रबराची पट्टी. स्क्रूच्या भोकाचं तोंड किंचित खोलगट कर म्हणजे तिथे ब्युटाइलची कडी बसेल. स्क्रू एकदम आवळू नकोस. थोडं आवळ, उन्हात राहू दे, बाहेर आलेलं काप, परत थोडं आवळ. प्लास्टिक आहे, लोखंडी फ्लँज नाही.

हौराकीचा_वारा (ऑकलंड)

मी जरा वाकडं बोलणार आहे. हा पंखा हवाय कशाला?

हिशेब बघ. ३ इंची सौर पंख्याच्या कागदावर तासाला ७०० घनफूट लिहिलेलं असतं, ४ इंचीच्या १,०००. तेही नव्या पंख्याचं. आता डेकवर ४ इंची तोंडाचा कर्णा वाऱ्याकडे वळवून ठेव. दहा नॉट (ताशी साधारण १८ किलोमीटर) वारा सरळ आत शिरला तर तासाला पाच हजार घनफुटांच्या वर जातात. वळणांत, जाळीत निम्मे गेले तरी तुझ्या पंख्याला भारी. सेल नाही, मोटर नाही, गंज नाही. पाणी येऊ नये म्हणून कर्ण्याखाली पेटी. कर्ण्याची नळी आणि खाली केबिनमध्ये उतरणारी नळी एकासमोर एक नसतात, मध्ये पाणी खाली पडून बाजूच्या भोकांतून डेकवर निघून जातं आणि हवा तेवढी आत जाते. याला डोरेड पेटी म्हणतात, ‘डोरेड’ या बोटीवरून. ऑलिन स्टीफन्सने विशीत तिचा आराखडा काढला आणि १९३१ची अटलांटिकपार शर्यत तिने जिंकली. इतकी वर्षं त्या पेटीला बॅटरी लागलेली नाही.

आणि मुख्य प्रश्न: तुझा पंखा हवा बाहेर फेकतो, मग आत येते कुठून? सगळं बंद करून घरी जातेस ना? बाटली तोंडाने ओढल्यासारखं होतं ते.

आणखी एक. पंखा बोट वाळवत नाही. बाहेर रात्री हवा पाण्याने गच्च असेल तर तीच आत येणार. तो फक्त साचू देत नाही आणि दुपारी तापलेली हवा हाकलतो. गॅसवरही तो इलाज नव्हे, शेगडीचा एलपीजी हवेहून जड, तो बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळाच्या पोकळीत, जाऊन बसतो आणि तुझा पंखा छताला. पेट्रोल इंजिनच्या खोलीवर तर हे पंखे लावायचेच नाहीत, मोटरची ठिणगी पुरते. तुझं डिझेल आहे म्हणून एवढ्यावर सोडते.

वेस्ट_रिव्हरची_डोंबिवलीकर

@हौराकी, अगं दहा नॉट वारा! तुझ्याकडे असेल. चेसापीकमध्ये जुलैची दुपार म्हणजे पाणी परातीतल्यासारखं सपाट, झेंडा काठीला चिकटलेला. शिडाची बोट असून आम्ही इंजिनावर घरी येतो. दुर्गंधी साचते ती नेमकी अशाच दिवसांत, जेव्हा तुझा कर्णा नुसता शोभेला असेल. ऊन मात्र तेव्हाच भरपूर असतं, आणि पंख्याला तेवढंच लागतं. शिवाय डोरेड पेटी म्हणजे डेकमध्ये आणखी भोकं आणि पायाच्या अंगठ्याला ठेच. मी आत्ताच एका भोकाने जेरीस आलेय.

पण हवा आत येते कुठून, हा प्रश्न बरोबर बसला. पुढची खिडकी मी कडीकुलपात बंद करून जाते. मागच्या दाराच्या फळ्या गच्च बसतात. म्हणजे नवा असतानाही तो पंखा कुठल्यातरी फटीतूनच श्वास ओढत होता.

माझ्या शेजारच्या बोयावरचे आजोबा म्हणाले, किनाऱ्याची वीज घे आणि डिह्युमिडिफायर लाव. वीज नाही हे सोडा, पण तो लावायचा तर हे सगळे पंखे बंद करावे लागतात, नाहीतर तो बिचारा अख्खा उपसागर वाळवत बसेल. दोन्ही एकत्र लावणारे लोक मी धक्क्यावर पाहिलेत.

फायबरवाला (पणजी)

मागच्या वरच्या फळीत जाळीदार झडप बसव. तिरप्या पट्ट्यांची, पट्ट्यांचा उतार बाहेरच्या बाजूला, मागे डासांची जाळी. फळी लाकडाची आहे, डेकला हात लागत नाही, बिघडली तर फळी नवी. हवा मागून येईल, पूर्ण केबिन ओलांडून पुढे संडासावरून निघून जाईल. संडासातला वासही केबिनमध्ये यायचा नाही, उलट दिशेने जाईल.

वेस्ट_रिव्हरची_डोंबिवलीकर

सगळ्यांना कळवायला उशीर झाला, कारण सुकायला वेळ लागला. फायबरवाल्यांनी सांगितलं तसंच थांबले.

ठोकून पाहिलं तर बद्द आवाज फक्त पुढच्या बाजूला, चार बोटांच्या आतच. तेवढं कोरून काढलं. निघालेलं लाकूड चहाच्या चोथ्यासारखं होतं, बाकीचं मात्र स्वच्छ पिवळं. एपॉक्सी वाटीतल्या वाटीत कालवली. सिलिकॉन खरवडायला एपॉक्सीपेक्षा जास्त वेळ गेला, ते फासणाऱ्या माणसाची मी जाता-येता आठवण काढते.

पंखा ३ इंचीच घेतला. करवतीला हात लावला नाही. डब्यात दोन पाती आली, एक हवा आत ओढायची, एक बाहेर फेकायची. बाहेरची लावली, कारण खाली संडास आहे. ब्युटाइल टेप उन्हात मऊ होऊन बाहेर येत राहिली, ती कापत राहिले. वरून बादली ओतून पाहिली, खाली एक थेंब नाही.

फळीत झडप बसवली आणि फरक खरा तिने पडला. झडपेसमोर उदबत्ती धरली तर धूर आत जाताना दिसतो, सावकाश पण एकाच दिशेने. शुक्रवारचा भपकारा गेला. वास अजून आहे, पण तो डिझेलचा आणि दोऱ्यांचा, त्याला माझी हरकत नाही. गाद्या व्हिनेगरच्या पाण्याने पुसून उन्हात घातल्या, डाग राहिले, नवे ठिपके आलेले नाहीत.

@काका, एकच विचारायचं राहिलं. नोव्हेंबरात बोट पाण्याबाहेर काढून प्लास्टिकमध्ये गुंडाळतात. मार्चपर्यंत आत धूसर उजेड. पंख्याचं बटण बंद करू की सेल काढू? आणि तो जुना हिरवा झालेला सेल अजून खोक्यात पडलाय.

सोल्डरिंग_काका (ठाणे)

सेल काढा. धूसर उजेडात रोज अर्धवट भरणार आणि रोज रिकामा होणार, त्यात तो लवकर म्हातारा होतो. भरलेला काढून घरात कोरड्या जागी ठेवा, मार्चमध्ये चार्जरवर एकदा पूर्ण भरून मगच बसवा. गुंडाळलेल्या प्लास्टिकला मात्र झडपा लावून घ्या, नाहीतर आत घाम सुटेल.

जुना सेल कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, कॅडमियम विषारी आहे. तुमच्याकडे हार्डवेअरच्या दुकानांत बॅटऱ्या गोळा करायचे डबे असतात, दोन्ही टोकांना टेप लावून तिथे द्या. हिरव्या भुकटीला हात लागला असेल तर साबणाने धुवा. आणि पंख्यातले पितळी पत्रे तसलेच हिरवे झाले असते तर लिंबू चोळा म्हटलं असतं, पण तो पंखा तुम्ही टाकलात ना? मोटर काढून ठेवली असेल तर ती मला हवी होती.